संस्था-कायद्यांची देशोदेशी तुलना नेमकी कशी करतात

एखादा वकील काही महिन्यांसाठी परदेशातल्या संशोधन केंद्रात ‘फेलो’ म्हणून जातो आणि वेगवेगळ्या देशांत स्वयंसेवी संस्थांवर कायद्याचे नियंत्रण कसे चालते, याचा अभ्यास करतो. बाहेरून हे काम सोपे वाटते. पाच-सहा देशांचे कायदे मिळवायचे, वाचायचे, तक्ता करायचा. असा तक्ता लवकर तयारही होतो, पण तो बहुतेक वेळा दिशाभूल करणारा असतो. कलमे बरोबर उतरवलेली असतात, मात्र शेजारी-शेजारी मांडलेल्या गोष्टी एकमेकींच्या जोडीच्या नसतात.

पहिली अडचण कायदा सापडण्याचीच. ‘नागरी समाज कायदा’ नावाची एकच वस्तू बहुतेक देशांत नसते. भारतात १८६०चा संस्था नोंदणी कायदा आहे, महाराष्ट्रात त्याच्या जोडीला १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आहे, ना-नफा कंपनीसाठी २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम ८ आहे, परदेशी देणगीसाठी २०१०चा एफसीआरए आहे आणि करसवलतीसाठी आयकर खात्याची नोंदणी वेगळी. अमेरिकेत संस्था जन्मते राज्याच्या कायद्याखाली, पण ५०१(सी)(३) हा करमुक्त दर्जा देते केंद्राचे महसूल खाते. जर्मनीत नोंदणी स्थानिक न्यायालयाच्या नोंदवहीत होते आणि सार्वजनिक हिताचा दर्जा करकार्यालय ठरवते. म्हणून सुरुवातीला कायद्यांची यादी करण्यापेक्षा दरवाज्यांची यादी केलेली बरी. संस्थेला जन्म कोण देतो, करसवलत कोण देतो, परदेशी पैशाला होकार कोणाचा लागतो, बँक कोणाचे ऐकते आणि संस्था बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे? एका देशात हे पाचही अधिकार एकाच मंत्रालयात सापडतील, दुसऱ्या देशात पाच ठिकाणी विखुरलेले असतील. हा फरकच कधी कधी सगळ्यात मोठा निष्कर्ष ठरतो.

नावावरून शोधायला गेले की महत्त्वाचे कायदे हातून निसटतात. तुर्कस्तानचा डिसेंबर २०२०चा ७२६२ क्रमांकाचा कायदा घ्या. त्याचे शीर्षक आहे सामूहिक संहाराच्या शस्त्रांना होणारा वित्तपुरवठा रोखण्याचे. आत मात्र बरीच कलमे संघटनांच्या कायद्यात बदल करणारी आहेत, आणि दहशतवादासारख्या गुन्ह्यांत खटला चालू असलेल्या पदाधिकाऱ्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार त्यांनी गृहमंत्रालयाला दिला. ‘संघटना’ हा शब्द शीर्षकात शोधणाऱ्याला हा कायदा सापडणारच नाही. उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच लागू पडतो. मूळ कायद्याची आजची एकत्रित प्रत घ्यायची, प्रत्येक दुरुस्ती कोणत्या कायद्याने झाली ते पाहायचे आणि तो दुरुस्ती कायदा पूर्ण वाचायचा.

कायदा मंजूर झाला म्हणजे तो लागू झाला, असेही धरून चालता येत नाही. केनियाच्या सार्वजनिक हित संस्था कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली जानेवारी २०१३मध्ये. तो अमलात आला १४ मे २०२४ रोजी. मधली अकरा वर्षे १९९०चा जुना कायदाच चालू होता. त्या काळात ‘केनियात प्रगतिशील कायदा आहे’ असे लिहिणारा तांत्रिकदृष्ट्या खोटे बोलत नव्हता, पण तिथल्या संस्थेला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. प्रत्येक कायद्यापुढे तीन तारखा हव्यात: मंजुरीची, अंमल सुरू झाल्याची आणि नियम निघाल्याची. नेपाळमध्ये यात पंचांगाची भर पडते. तिथला संस्था दर्ता ऐन २०३४चा, समाजकल्याण ऐन २०४९चा. ही वर्षे विक्रम संवतातली, म्हणजे इसवी सनाची १९७७ आणि १९९२. घाईत ५७ वजा करायचे राहून गेले की तक्त्यात भविष्यातला कायदा उगवतो.

एक काल्पनिक संस्था सगळीकडे चालवून पाहणे

कलमांना कलमे जोडण्यापेक्षा एक काल्पनिक संस्था घेऊन ती प्रत्येक देशात जन्मापासून विसर्जनापर्यंत चालवून पाहावी. ही संस्था सविस्तर ठरवावी लागते. उदाहरणार्थ, सात संस्थापक, त्यांतले दोघे परदेशी नागरिक. स्वतःचे कार्यालय नाही. काम नदीच्या प्रदूषणाची माहिती गोळा करण्याचे आणि गावकऱ्यांना प्रशिक्षण देण्याचे. निम्मा पैसा परदेशी निधीसंस्थेकडून. आणि वर्षातून एकदा धरणे किंवा मोर्चा. तपशील असे टोकदार असले की कायद्याचे कोपरे आपोआप उघडे पडतात. परदेशी संस्थापक चालतो का? भाड्याच्या खोलीचा पत्ता चालतो का? मोर्चा काढला की संस्था ‘राजकीय’ ठरते का?

संस्थापकांची संख्या सात घेण्यात एक गंमत आहे. भारतातली सोसायटी, जर्मनीतली नोंदणीकृत संघटना, नेपाळमधली संस्था आणि तुर्कस्तानातली संघटना या चारही ठिकाणी किमान सात माणसे लागतात. फ्रान्समध्ये दोन पुरतात, जपानमध्ये १९९८च्या कायद्याखालील ना-नफा संस्थेला दहा सदस्य लागतात. तक्त्यात हा रकाना फार व्यवस्थित दिसतो, पण त्यातून कळत काहीच नाही. सात माणसांनी कागद दिल्यावर पुढे काय होते, ते पाहायचे असते. तुर्कस्तानच्या नागरी संहितेप्रमाणे कागद दाखल झाले त्या क्षणी संघटनेला कायदेशीर अस्तित्व मिळते. नेपाळमध्ये ते जिल्हा प्रशासन कार्यालयाने नोंद केल्यावर मिळते. महाराष्ट्रात सोसायटीची नोंद झाली तरी काम संपत नाही, सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयात दुसरी नोंद करावी लागते. आणि जन्म सोपा म्हणजे पुढचे आयुष्यही सोपे, असे नाही. तुर्कस्तानचेच उदाहरण वर आले.

इथे खरी रेषा ‘कळवणे’ आणि ‘परवानगी मागणे’ यांच्यामधली. फ्रान्सचा १ जुलै १९०१चा कायदा कळवण्याचा आहे: प्रशासनाने पाच दिवसांत पोच द्यायची. १९७१मध्ये सरकारने पोच देण्याआधी प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची सोय करू पाहिली, तेव्हा तिथल्या संवैधानिक परिषदेने १६ जुलै १९७१च्या निर्णयात ती रद्द केली. कारण अशी पूर्वतपासणी आली की भार उलटतो. आधी संस्था चुकीची आहे हे सरकारने सिद्ध करायचे असते. नंतर आपण बरोबर आहोत हे संस्थेला सिद्ध करावे लागते, तेही अस्तित्वात येण्याआधी.

त्यामुळे अभ्यासकाच्या तक्त्यात हे रकाने असलेच पाहिजेत: निर्णय कोण घेतो, किती दिवसांत, मुदत उलटली तर काय होते, नकार लेखी आणि कारणासह द्यावा लागतो का, दाद कोणाकडे, आणि शिक्षा संस्थेला की व्यक्तीला. यांतला ‘मुदत उलटली तर’ हा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. इजिप्तच्या २०१७च्या ७० क्रमांकाच्या कायद्यात परदेशी निधीच्या अर्जावर ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर तो नकार समजायचा होता. २०१९च्या १४९ क्रमांकाच्या कायद्यात ते मौन संमती मानले गेले. एवढ्या बदलाने कायदा कागदावर उलटा फिरला. पण मग पुढचा प्रश्न विचारावाच लागतो: मौन म्हणजे संमती असे कायदा म्हणत असला, तरी शाखेतला बँक अधिकारी लेखी पत्राशिवाय रक्कम खात्यात जमा करतो का? त्याचे उत्तर राजपत्रात मिळत नाही.

भारताच्या एफसीआरएमध्ये नोंदणीचा निर्णय ‘साधारणतः’ ९० दिवसांत व्हावा असे आहे. हा ‘साधारणतः’ सुटला तर तक्त्यात ‘मुदत: ९० दिवस’ असे कडक वाटणारे बंधन येते, जे मूळ कायद्यात तितके कडक नाही. दादेचेही तसेच. इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशनच्या बऱ्याच निर्णयांविरुद्ध न्यायाधिकरणात जाता येते. एफसीआरए नोंदणी रद्द झाली तर वाटा दोन: केंद्र सरकारकडेच पुनरीक्षणाचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात रिट. दोन्हीकडे ‘दाद मागण्याची सोय: आहे’ असे लिहिले की वकिलाच्या फीचा, वेळेचा आणि निर्णय देणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा फरक गायब होतो.

वीस टक्के म्हणजे किती

पैशाच्या कलमांवर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण संस्थेचा गळा आवळायचा तर बंदीपेक्षा खर्चाचा नियम सोयीचा असतो. आणि आकड्यांची तुलना जितकी सोपी दिसते तितकी ती फसवते.

इथिओपियाच्या २००९च्या ६२१ क्रमांकाच्या घोषणेत दोन आकडे होते. १० टक्क्यांहून अधिक पैसा परदेशातून घेणाऱ्या संस्थेला मानवी हक्क, स्त्री-पुरुष समता, संघर्षनिवारण, न्यायव्यवस्था अशा विषयांवर काम करता येत नव्हते. आणि प्रशासकीय खर्च ३० टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असे बंधन होते. २०१९च्या १११३ क्रमांकाच्या घोषणेने पहिला आकडा काढून टाकला आणि दुसरा २० टक्क्यांवर आणला. नुसते आकडे पाहणारा म्हणेल की खर्चाची मर्यादा कडक झाली. प्रत्यक्षात व्याख्या बदलली होती. आधीच्या व्यवस्थेत प्रशिक्षकांचा खर्च आणि कामाची देखरेख-मूल्यमापन हेसुद्धा प्रशासकीय खात्यात ढकलले जाई. प्रशिक्षण हेच ज्या संस्थेचे काम, ती तिथेच अडकायची. नव्या घोषणेत प्रकल्पाशी संबंध नसलेला, संस्था टिकवण्यापुरता लागणारा खर्च तेवढा प्रशासकीय. आपली नदीवाली संस्था ३० टक्क्यांत मेली असती आणि २० टक्क्यांत जगली असती.

भारतात २०२०च्या दुरुस्तीने परदेशी निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आकडा इथिओपियाइतकाच, पण तो कशाचा, हे एफसीआरएच्या नियमांत पाहावे लागते. कार्यालयाचे भाडे, वीज, दूरध्वनी, व्यवस्थापनातल्या माणसांचे पगार, हिशेबाचा खर्च हे प्रशासकीय. शाळेतल्या शिक्षकाचा किंवा रुग्णालयातल्या डॉक्टरचा पगार नाही. मुख्यतः संशोधन किंवा प्रशिक्षण करणाऱ्या संस्थेतल्या क्षेत्रीय माहिती गोळा करणाऱ्यांनाही सूट आहे. म्हणजे शाळा चालवणारी संस्था या मर्यादेत आरामात बसते, तर धोरणविषयक पाठपुरावा करणारी आणि पगार हाच मुख्य खर्च असलेली संस्था धडपडते. त्याच दुरुस्तीने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यास पूर्ण मनाई केली आणि तो निधी पहिल्यांदा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घेणे सक्तीचे केले. मोठी संस्था निधी आणून गावपातळीवरच्या छोट्या संस्थांना वाटते, ही पद्धत त्यामुळे एका फटक्यात बंद झाली. छोट्या संस्थेने स्वतः नोंदणी करावी म्हटले, तर तीन वर्षांचे अस्तित्व आणि तीन वर्षांत मुख्य कामावर १५ लाख रुपये खर्च अशी अट आहे. नोएल हार्पर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये ही दुरुस्ती मोठ्या प्रमाणात वैध ठरवली. पदाधिकाऱ्यांना आधारच्या सक्तीऐवजी भारतीय पासपोर्ट चालेल, एवढी सवलत मिळाली.

बांगलादेशात चित्र वेगळेच. तिथे नोंदणीबरोबरच एकेका प्रकल्पाला एनजीओ अफेअर्स ब्यूरोची मंजुरी लागते. भारतात एकदा नोंद झाली की पाच वर्षे प्रत्येक रकमेसाठी विचारावे लागत नाही. कोणते जाचक हे संस्थेवर अवलंबून आहे: मोठ्या, मोजक्या प्रकल्पांच्या संस्थेला प्रकल्पवार मंजुरी झेपते; महिन्या-महिन्याला थोडी थोडी मदत घेणारीला नाही.

‘परदेशी हस्तक’ आणि उसने घेतलेले शब्द

या क्षेत्रात सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. अमेरिकेचा ‘फारा’, म्हणजे परदेशी हस्तकांच्या नोंदणीचा कायदा, १९३८चा. रशियाने २०१२मध्ये, जॉर्जियाने २०२४मध्ये आपापले कायदे केले, तेव्हा ‘अमेरिकेतही आहे’ हा युक्तिवाद झाला. फाराची गाठ संबंधावर आहे: परदेशी पक्षाच्या आदेशावरून, विनंतीवरून किंवा नियंत्रणाखाली ठरावीक राजकीय स्वरूपाचे काम केले पाहिजे. नुसती देणगी घेतल्याने तो लागू होत नाही, आणि धार्मिक, शैक्षणिक, वैज्ञानिक कामांना त्यात सूट आहे. रशियाच्या मूळ कायद्याने परदेशी पैसा आणि मोघम व्याख्येचे ‘राजकीय काम’ एवढ्यावर शिक्का मारला. २०२२च्या नव्या कायद्यात पैशाचीही गरज उरली नाही, ‘परदेशी प्रभाव’ पुरेसा झाला. जॉर्जियाच्या २०२४च्या कायद्याने उत्पन्नाच्या २० टक्क्यांहून अधिक परदेशी निधी एवढाच निकष घेतला, कोणाच्या सांगण्यावरून काय केले हा प्रश्नच ठेवला नाही. मग २०२५मध्ये तिथल्या सत्ताधाऱ्यांनी आणखी एक कायदा केला आणि ती अमेरिकन कायद्याची तंतोतंत प्रत आहे असे सांगितले. अशा ठिकाणी शब्द जुळतात का, हा प्रश्न दुय्यम. त्या शब्दांमागे अमेरिकेत दशकानुदशकांची अंमलबजावणीची पद्धत आणि न्यायालयीन निर्णय उभे आहेत. ते प्रतीबरोबर येत नाहीत.

हंगेरीचा २०१७चा कायदा वर्षाला ७२ लाख फोरिंटांहून अधिक परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना लागू होता. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १८ जून २०२० रोजी तो संघाच्या कायद्याविरुद्ध ठरवला, आणि त्यातला एक मुख्य आधार होता भांडवलाच्या मुक्त वहनाचा. रशियाच्या कायद्याविरुद्ध १४ जून २०२२ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने दिलेला निर्णय मात्र संघटन-स्वातंत्र्याच्या कलम ११वर उभा आहे. म्हणून ‘न्यायालयाने असे कायदे रद्द केले’ या एका वाक्यात दोन्ही कोंबता येत नाहीत. आशियातल्या वकिलाला पहिला निर्णय जवळजवळ निरुपयोगी, दुसरा निदान युक्तिवादाला कामाचा.

उसनवारीचा दुसरा मार्ग एफएटीएफ या, काळा पैसा आणि दहशतवादी वित्तपुरवठा रोखण्याचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा. तिची शिफारस ८ ही दहशतवादी वित्तपुरवठ्यासाठी ना-नफा संस्थांच्या होणाऱ्या गैरवापराबद्दल आहे. ती २००१मधली, त्या क्षेत्राला सरसकट ‘विशेष असुरक्षित’ म्हणणारी भाषा २०१६मध्ये काढली गेली आणि २०२३मध्ये मजकूर पुन्हा बदलून जोखमीच्या प्रमाणात उपाय, यावर भर आला. विधेयकाच्या उद्देशपत्रात ही शिफारस दिसली की तिची कोणती आवृत्ती धरली आहे ते तपासावे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२च्या विधेयकात आधी सर्वच संस्थांना नोंदणी सक्तीची होणार होती. आक्षेपांनंतर ती देशाच्या सीमेबाहेर पैसा किंवा सेवा देणाऱ्या संस्थांपुरती राहिली. जोखीम कुठे आहे हे विचारले की तरतूद किती आक्रसते, याचा हा चांगला नमुना.

‘राजकीय’ म्हणजे काय, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. इथे एवढेच की शिक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या दरवाज्यातून येते. जर्मनीच्या सर्वोच्च वित्तीय न्यायालयाने २०१९मध्ये अटॅक या आर्थिक धोरणांवर मोहिमा चालवणाऱ्या संघटनेच्या प्रकरणात करसवलतीचा दर्जा नाकारण्याच्या बाजूने निर्णय दिला. संघटना चालूच राहिली. भारतात इन्साफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितले की राजकीय उद्दिष्ट नसताना नागरिकांच्या हक्कांच्या आंदोलनाला पाठिंबा देणाऱ्या संघटनेला ‘राजकीय स्वरूपाची’ ठरवता येणार नाही. तिथे पणाला लागला होता परदेशी निधी.

कागदापलीकडचे कसे मिळवायचे

ग्रीसचा सिदिरोपुलोस खटला तक्त्यात ‘१९९८: संस्था जिंकली’ असा येतो. मॅसेडोनियन संस्कृतीच्या नावाने संघटना नोंदवायला नकार दिला, तो युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने चुकीचा ठरवला. पुढे त्याच नावाने पुन्हा अर्ज झाला, पुन्हा नकार मिळाला आणि २०१५मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा तसाच निर्णय द्यावा लागला. निकालानंतर प्रमाणपत्र मिळाले का, हे म्हणूनच प्रत्येक निकालापुढे लिहावे.

मुलाखतीत ‘कायदा जाचक आहे का?’ असे विचारले की मते मिळतात. त्याऐवजी तारखा मागाव्यात: अर्ज कधी दिला, पहिली त्रुटी कधी काढली, दुसरी कधी, निर्णय कधी. त्रुटी एकदम काढल्या की एकेक करून, हेही विचारावे, कारण वैधानिक मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजण्याचा तो सर्रास मार्ग आहे. कोरे अर्ज गोळा करावेत. कायद्यात नसलेल्या अटी बहुधा अर्जाच्या रकान्यांत आणि जोडपत्रांच्या यादीत लपलेल्या असतात. संस्थाप्रमुखांइतकेच, किंबहुना जास्त, त्यांच्या लेखापालाशी बोलावे.

आकड्यांत दोन खड्डे आहेत. नोंदणीकृत संस्था आणि चालू संस्था हे वेगळे आकडे. आणि रद्द झालेल्या नोंदण्यांत विवरणपत्र न भरल्याने गेलेल्या, स्वतःहून सोडलेल्या आणि कारवाईत गेलेल्या अशा सगळ्या एकत्र असतात. कारण वेगळे न करता रद्दबातल संख्येची तुलना करू नये. सिव्हिकस मॉनिटर नागरी समाजाला किती मोकळीक आहे यावरून देशांना पाच गटांत बसवते, आयसीएनएल ही संस्था देशवार कायद्यांची माहिती ठेवते. दोन्ही सुरुवातीला उपयोगी, पण पानावरची अद्ययावत तारीख पाहून.

मुलाखत देणाऱ्याचा धोका अभ्यासकापेक्षा मोठा असतो, अभ्यासक तर विमानाने परत जातो. नावे तक्त्यात नकोत. सांकेतिक क्रमांक ठेवावा आणि क्रमांक-नावाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी. ‘जिल्ह्यातली एकमेव अपंग-हक्क संस्था’ असे लिहिले की नाव न घालताही नाव लिहिले जाते. चीनमध्ये २०१७पासून परदेशी स्वयंसेवी संस्थांचे नियमन पोलिसांकडे, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे आहे. तिथे परदेशी संस्थेच्या वतीने घेतलेली कार्यशाळा स्वतःच त्या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. स्थानिक भागीदाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये.

मोजपट्टी म्हणून बहुतेक जण नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे कलम २२ घेतात. निर्बंध कायद्याने घातलेला हवा, त्यात नमूद केलेल्या हेतूंपैकी एखाद्यासाठी हवा आणि लोकशाही समाजात आवश्यक हवा. ती लावण्याआधी देशाने करारात सामील होताना काय जोडले होते, ते पाहावे. भारत १९७९मध्ये सामील झाला तेव्हा कलम २२ हे राज्यघटनेच्या कलम १९शी सुसंगत रीतीने लागू होईल असे निवेदन जोडले गेले. हे न पाहता लिहिलेला निष्कर्ष सरकारी वकील एका परिच्छेदात उडवून लावतो.

तक्ता दोघांनी वेगवेगळा भरावा आणि मग ताडून पाहावा. जिथे उत्तरे जुळत नाहीत तिथे कायदाच संदिग्ध असतो, आणि तेही तसेच नोंदवावे. प्रत्येक देशाच्या पानावर ‘या तारखेपर्यंतचा कायदा’ अशी ओळ हवी. शेवटी कच्चा मसुदा त्या देशातल्या, रोज अशी प्रकरणे हाताळणाऱ्या वकिलाकडे पाठवावा, आणि ‘बरोबर आहे का’ असे न विचारता ‘यावर विसंबून तुमच्या अशिलाने अर्ज केला तर तो कुठे अडकेल’ असे विचारावे.